चालायचे कुठे? कान्हेरीच्या वाटेवर

रक्तदाब मोजून झाला, साखरेचा रिपोर्ट हातात आला की वस्तीतल्या प्रत्येक बाईला एक वाक्य ऐकावे लागते, "रोज अर्धा तास चालत जा." सल्ला बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्यातून किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करायला सांगते. आठवड्यातले पाच दिवस अर्धा-अर्धा तास झपझप चालले की हा हिशेब पूर्ण होतो. औषधाच्या दुकानात पैसे मोजावे लागत नाहीत, मशीन लागत नाही. मग बाया चालत का नाहीत?

कारण चालायचे कुठे, हे चिठ्ठीवर लिहिलेले नसते. आपल्या गल्लीची रुंदी चार फूट. मधून गटार, एका बाजूला पाण्याचे ड्रम, दुसऱ्या बाजूला लावलेल्या मोटारसायकली. मोठ्या रस्त्यावर फूटपाथ नाही, असेल तर त्यावर दुकान आहे. बाग आहे, पण बऱ्याच बागा दुपारी बंद असतात, आणि घरकामाला जाणाऱ्या आपल्या बायांना मोकळा वेळ मिळतो तो दुपारीच. संध्याकाळी अंधारात एकटीने फिरायला बाहेर पडले तर चार तोंडे चार प्रश्न विचारतात. वॉर्डात पंधरा वर्षे काम करताना आम्ही कितीतरी बाया अशा पाहिल्या, की ज्या "चालत का नाही?" म्हणून दर तपासणीला बोलणी खातात, मान खाली घालून "हो" म्हणतात आणि घरी येऊन पुन्हा त्याच गल्लीत उभ्या राहतात. बोलणी खाऊन कुणाची साखर कमी झालेली आम्हांला माहीत नाही.

म्हणून या महिन्यात आरोग्याच्या पानावर आम्ही गोळ्यांबद्दल लिहीत नाही. आम्ही एका वाटेबद्दल लिहितो. ती झाडीतून जाते, ओढ्याच्या कडेने जाते आणि डोंगरावर जाऊन संपते. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरी लेण्यांपर्यंतची ही वाट आहे. आमचे म्हणणे असे की मुंबई, ठाणे, कल्याण, वसई पट्ट्यातल्या प्रत्येक विहाराने आणि महिला मंडळाने या थंडीत एक रविवार ठरवून ही वाट पायी चालावी. गाडीने पायथ्याशी उतरून, फोटो काढून, जेवून परत येणे वेगळे. पायी चालणे वेगळे.

"आम्ही दिवसभर राबतोच की!"

हे आम्ही बैठकीत मांडले की पहिला आक्षेप हाच येतो. चार घरची धुणीभांडी, मग आपल्या घरचा स्वयंपाक, पाणी भरणे, मुलांचे करणे. पाय दिवसभर जमिनीवर. अजून काय चालायचे?

आक्षेप खरा आहे, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवे. आपले काम बहुतेक एका जागी उभे राहून किंवा उकिडवे बसून होते. कंबर वाकलेली, गुडघे मुडपलेले, हात पाण्यात. कामात घाई असते, डोक्यात घड्याळ असते. त्यात अंग थकते, पण हृदयाला आणि फुफ्फुसांना जो सलग, एका लयीतला व्यायाम हवा असतो तो मिळतोच असे नाही. हातात पिशवी नाही, डोक्यावर हंडा नाही, मागून कोणी हाक मारत नाही, अशी तासभर सरळ पाठीने चाललेली चाल वेगळी असते. चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्तातली साखर वापरतात. शिरांमध्ये साचलेले रक्त वर ढकलले जाते. उभे राहून पाय सुजणाऱ्या बायांना याचा फरक कळतो.

एक दिवस डोंगर चढून साखर उतरत नाही, हेही स्पष्ट सांगतो. कोणी तसे सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. त्या दिवसाचे काम वेगळे आहे. आपले अंग किती साथ देते, हे त्या दिवशी कळते. मैत्रिणींबरोबर चालण्याची गोडी लागते. आणि ही जागा आपलीही आहे, हे पायांना कळते. पुढचे रोजचे चालणे यातूनच उभे राहते.

वाट कशी आहे

बोरिवली स्टेशनला पूर्वेकडे उतरावे. तिथून महामार्गापलीकडे उद्यानाचे मुख्य प्रवेशद्वार साधारण दीड किलोमीटरवर आहे. आत शिरल्यावर लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटरचा डांबरी रस्ता आहे. उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटरचे आहे. एवढ्या मोठ्या शहराला लागून असे जंगल जगात फार थोड्या ठिकाणी असेल. सुरुवातीला दहिसर नदी सोबत असते. ही नदी तुळशी तलावाच्या बाजूने येते आणि पुढे शहरात शिरल्यावर तिचे काय होते ते दहिसर-बोरिवलीच्या वस्त्यांना सांगायला नको. इथे मात्र ती दगडांवरून वाहणारी साधी नदी आहे. मुलांना आधी ही नदी दाखवावी आणि मग घरी जाताना पुलावरून खालचा नाला दाखवावा. वेगळे काही सांगावे लागणार नाही.

पुढे रस्ता झाडीत शिरतो. साग, ऐन, काटेसावर, पळस, बांबू. डोंगरउतारावर कारवी, जी काही वर्षांनी एकदाच फुलते. वाटेत आदिवासी पाडे आहेत. हे लोक उद्यान होण्याच्या आधीपासून इथे राहतात. त्यांच्या अंगणातून फोटो काढत जाऊ नये. आपल्या वस्तीत कोणी कॅमेरा घेऊन शिरले की आपल्याला कसे वाटते, ते आठवावे.

चढ शेवटच्या टप्प्यात आहे. तिकीटघरापासून पायऱ्या, मग खडकात कोरलेली लेणी. शंभराहून जास्त लेणी आहेत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास सुरुवात झाली आणि पुढे हजारभर वर्षे इथे भिक्षूंचा वावर होता. सुरुवातीलाच मोठे चैत्यगृह, तिसऱ्या क्रमांकाचे. त्याच्या ओसरीत दोन बाजूंना वीस फुटांहून उंच अशा बुद्धमूर्ती उभ्या आहेत. अकराव्या लेण्यात लांबच लांब दोन दगडी ओटे आहेत. लोक त्याला दरबार म्हणतात. लेण्यांच्या दोन रांगांमधून एक ओढा वाहतो. पावसाळ्यात तो दणदणत उतरतो, हिवाळ्यात बारीक होतो आणि डबक्या-डबक्यांतून राहतो. ओढ्याच्या कडेने, कोरलेल्या पायऱ्यांनी वर जावे. माथ्यावर पोचले की चहूबाजूंना जंगल आणि त्यापलीकडे धुरकट दिसणाऱ्या इमारती. आपण ज्या शहरात दिवसभर धावतो, ते इतक्या वरून लहान दिसते. तिथे दहा मिनिटे कोणीच बोलू नये.

खाली उतरताना पाण्याची टाकी नीट पाहावीत. लेण्यांशेजारी खडकात कोरलेल्या या टाक्यांना शिलालेखांत पोढी म्हटले आहे. पावसाचे पाणी वरून खाली यावे म्हणून खडकात पन्हळी कोरल्या आहेत. इथे राहणाऱ्यांना पाण्यासाठी डोंगर उतरावा लागू नये, अशी ती व्यवस्था. ही टाकी राजांनी एकट्याने बांधलेली नाहीत. इथल्या दानलेखांत व्यापारी आहेत, भिक्षुणी आहेत, गृहिणी आहेत. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचे टाके दिले. कल्याणच्याच एका लोहाराने वाट दिली. दोन हजार वर्षांपूर्वी एका कामगाराला वाटले की दान द्यायचे तर वाट द्यावी. आम्हांला आरोग्य कार्यकर्त्या म्हणून हा लेख फार मोठा वाटतो. पाणी आणि चालायला वाट, सार्वजनिक आरोग्याची सुरुवात इथूनच होते. आजही वस्तीत याच दोन गोष्टींसाठी भांडावे लागते.

चालणे आपल्या परंपरेत आहे

तथागतांनी पंचेचाळीस वर्षे पायी फिरून धम्म सांगितला. वर्षावासाचे तीन महिने सोडले तर संघ चालतच होता. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे, म्हणजे येरझारा घालत सजगपणे चालण्याचे, पाच फायदे सांगितले आहेत. लांबचा प्रवास झेपतो, मेहनत झेपते, आजार कमी होतात, खाल्लेले नीट पचते आणि मन एकाग्र होते ते टिकते. यातले पहिले चार फायदे आज कोणताही डॉक्टर सांगेल. पाचव्यासाठी विहारात बसतोच, चालतानाही तो मिळतो.

आणि आपल्या चळवळीची सुरुवातही चालण्यातूनच झाली. 1923 साली मुंबईच्या विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला. महाडच्या नगरपालिकेने तळे खुले केल्याचे जाहीरही केले. पण कागदावर खुले झालेले तळे तीन-चार वर्षे बंदच राहिले. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांसोबत हजारो माणसे पायी तळ्यापर्यंत गेली, ओंजळीने पाणी प्यायली, तेव्हा ते तळे खरे खुले झाले. महाडची तुलना सहलीशी करण्याचा आमचा विचार नाही. त्या दिवशी लोकांनी मार खाल्ला. आम्हांला त्यातली एकच गोष्ट घ्यायची आहे. सार्वजनिक जागेवरचा हक्क माणसे तिथे जाऊ लागली की खरा होतो. कोणी जात नसेल तर ती जागा हळूहळू दुसऱ्यांची होते.

या जंगलाचे तसेच झाले आहे. 1997 साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उद्यानाच्या हद्दीतल्या झोपड्या हटवण्यात आल्या. काहींना चांदिवलीला घरे मिळाली, अनेकांची फरपट झाली. त्यांत आपलेही लोक होते. जंगल वाचले पाहिजे, याबद्दल आमचे दुमत नाही. याच जंगलात विहार आणि तुळशी हे तलाव आहेत आणि त्यांचे पाणी मुंबई पिते. पण जंगल वाचले ते फक्त सकाळी चांगले बूट घालून पळणाऱ्यांसाठी, आणि जंगलाच्या कडेला राहणाऱ्यांच्या वाट्याला फक्त "अतिक्रमण" हा शब्द, असे का व्हावे? तिकीट काढून आत जाण्याचा हक्क आपल्याला आहे. तो वापरला पाहिजे.

पाणी न पिण्याचा रोग

आता नर्स म्हणून सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बाहेर जायचे म्हटले की आपल्या बाया काय करतात? सकाळपासून पाणी पीत नाहीत. कारण वाटेत मुतारी मिळेल की नाही याची खात्री नसते. कामावरही तेच, मोर्चालाही तेच, लग्नालाही तेच. वर्षानुवर्षे असे केल्याने लघवीला जळजळ, वारंवार संसर्ग, मुतखडा, आणि उन्हात चक्कर. वॉर्डात लघवीच्या संसर्गाने तापलेल्या बाया विचारल्यावर सांगत, "पाणी कुठे प्यायचे सिस्टर, जागा नाही ना."

म्हणून सहलीच्या आधीच्या रविवारी दोघींनी जाऊन पाहणी करून यावी. शौचालय कुठे कुठे आहे, चालू आहे का, पाणी आहे का, कडी लागते का. पिण्याचे पाणी कुठे मिळते. हे सगळे कागदावर लिहून आणावे आणि बैठकीत सांगावे. ज्या बाईला माहीत असते की अमुक ठिकाणी शौचालय आहे, ती पाणी पिते. पाहणी म्हणजे फालतू काम नाही, तो औषधोपचार आहे. पाळी चालू असेल म्हणून कोणी मागे राहू नये. जास्तीचे पॅड, कागद आणि पिशवी गटाच्या सामानात ठेवावी. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून परत आणावे, झुडपात टाकू नये.

प्रत्येकीने किमान दीड-दोन लिटर पाणी सोबत घ्यावे. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे प्यावे. ओढ्याचे पाणी कितीही स्वच्छ दिसले तरी पिऊ नये, कावीळ आणि विषमज्वर अशाच पाण्यातून येतात. ओआरएसची पाकिटे गटात ठेवावीत. एक पाकीट एक लिटर पाण्यात, अर्धे पाकीट ग्लासात असे नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

निघण्याआधीची तपासणी

आठ दिवस आधी विहारात किंवा जवळच्या दवाखान्यात सगळ्यांचा रक्तदाब मोजून घ्यावा. वरचा आकडा 180 किंवा खालचा 110 च्या पुढे असेल त्यांनी डोंगर चढू नये, आधी डॉक्टरांकडे जावे. त्यांना घरी एकटे ठेवू नये. पुढची सहल आहेच. ज्यांना चढताना छातीत दुखते, ज्यांचे नुकतेच ऑपरेशन झाले आहे, ज्यांना दिवस जाऊन बरेच महिने झाले आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच यावे. दम्याचा पंप ज्यांना आहे त्यांनी तो पर्समध्ये ठेवावा, घरी कपाटात नाही.

साखरेच्या आजारात सर्वांत मोठी चूक होते ती "आज चालणार आहोत, म्हणजे गोळी नको" किंवा "गोळी घेतली, नाश्ता वाटेत करू". दोन्ही धोक्याचे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि ग्लिमेपिराईडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना आधी विचारावे की त्या दिवशी डोस कसा घ्यायचा. आपल्या मनाने बंद करू नये. गोळी घेतली की लगेच पोटात अन्न गेले पाहिजे. चालताना साखर एकदम उतरली तर हात थरथरतात, घाम सुटतो, धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस चिडचिडा होतो, बोलणे गोंधळते. बरोबरच्या बायांना वाटते ती दमली. तशी वेळ आली तर लगेच बसवावे आणि तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायला द्यावी. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावी, मग केळे किंवा भाकरी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये, 108 ला फोन करावा. प्रत्येक मधुमेही बाईच्या पदरात खडीसाखरेची पुडी असावी आणि ती कुठे ठेवली आहे हे तिच्या शेजारी चालणारीला माहीत असावे.

पाय. मधुमेहात पायांची संवेदना कमी होते. खडा टोचला तरी कळत नाही, आणि त्या खड्याची जखम महिनाभराने बोट कापण्यापर्यंत जाते. हे आम्ही पाहिले आहे. म्हणून अनवाणी चालू नये. साधी रबरी चप्पलही नको, ती ओल्या खडकावर घसरते. मागून पट्टा असलेली किंवा बंद चप्पल-बूट घालावे, पण नवीन नको, आठवडाभर वापरलेले हवे. आत सुती मोजे. घरी आल्यावर पाय धुवून, पुसून, बोटांच्या मध्ये पाहावे. खालचा तळवा स्वतःला दिसत नाही, मुलीला पाहायला सांगावे.

आणि रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019–21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे दोघींपैकी एक. घरकाम करताना तो लपतो, कारण आपण हळू झालो हे आपल्याला कळतच नाही. चढ लागला की तो दिसतो. एका फेरीत आमच्याबरोबर एक ताई होत्या, घरच्यांच्या मते "आळशी झालेल्या". लेण्यांच्या पायऱ्यांवर दर सहा-सात पायऱ्यांनी त्या थांबत होत्या. दुसऱ्या दिवशी रक्त तपासले, हिमोग्लोबिन सातच्या खाली. त्यांच्या अंगावरून तीन वर्षे जास्त जात होते आणि कोणाला सांगितले नव्हते. आता उपचार चालू आहेत. त्यांना आळशी म्हणणाऱ्यांनी तो रिपोर्ट वाचला, एवढेच सांगतो. सोबत चालणाऱ्यांपेक्षा ज्या खूप जास्त धापा टाकतात, त्यांना चिडवू नका. नाव लिहून ठेवा आणि आठवडाभरात तपासणीला घेऊन जा.

चालताना

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी सगळी वाट दोन्ही वेळा पायी करण्याचा हट्ट धरू नये. उद्यानाच्या आत लेण्यांकडे जाणारी वाहने मिळतात. जाताना गाडीने, लेण्यांतला चढ आणि ओढ्याची वाट पायी, आणि येताना खालपर्यंत पायी, असे केले तरी दिवस सार्थकी लागतो. उतारावर दम कमी लागतो, पण गुडघ्यांवर भार जास्त येतो. गुडघे दुखणाऱ्यांनी उलटे करावे, येताना गाडी घ्यावी. काठी घेण्यात कमीपणा नाही.

चाल किती असावी? शेजारणीशी बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही, इतकी. बोलताही येत नसेल तर हळू करावे. सर्वांत हळू चालणारी बाई पुढे ठेवावी, सगळ्यांनी तिच्या चालीने चालावे. शेवटी एक जाणती बाई किंवा तरुण ठेवावा, तिच्या मागे कोणी राहू नये. जंगलात फोन सगळीकडे लागेलच असे नाही. मुले मध्ये ठेवावीत. या जंगलात बिबटे आहेत, ते त्यांचे घर आहे. दिवसा, गटाने, रस्त्यावरून जाणाऱ्यांना भिण्याचे कारण नाही, पण लहान मूल एकटे झुडपात जाऊ देऊ नये आणि संध्याकाळ होण्याच्या आत दरवाजाबाहेर पडावे.

माकडांसमोर पिशवी उघडू नये. माकडाने ओरबाडले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घ्यावी. साप चावला तर कापू नये, चोखू नये, दोरीने आवळून बांधू नये. माणसाला शांत ठेवावे, अंगठ्या-बांगड्या काढाव्यात, चावलेला हात किंवा पाय न हलवता थेट मोठ्या सरकारी रुग्णालयात न्यावे. मांत्रिकाकडे नाही.

छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, थंड घाम, याला कधीही "पित्त" म्हणू नये. बायांमध्ये कधी कधी छातीत दुखतही नाही, फक्त खूप दम लागतो, मळमळते, एकाएकी शक्ती जाते. बसवावे, चालवू नये, मदत बोलवावी.

पावसाळ्यात ओढा सुंदर दिसतो, पण तेव्हा शेवाळाने खडक निसरडे होतात आणि वर पाऊस पडला तर पाणी क्षणात वाढते. तेव्हा पाण्यात उतरू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. उद्यान सोमवारी बंद असते. लेण्यांचे तिकीट वेगळे आहे, पंधरा वर्षांखालील मुलांना ते लागत नाही.

जेवण घरचे न्यावे. भाकरी, सुकी चटणी, उकडलेली अंडी, भाजलेले शेंगदाणे, केळी. वडापाव आणि फरसाणाची पिशवी घेऊन आरोग्याची सहल होत नाही. कचरा सगळा परत. लेण्यांच्या भिंतीवर नाव लिहिणाऱ्या आपल्या मुलाचा हात आपणच धरावा.

घरात कोण करणार?

शेवटचा आक्षेप पुरुषांकडून येतो, "सगळ्या बाया गेल्या तर घरचे कोण करणार?" उत्तर सोपे आहे. त्या दिवशी पुरुषांनी करावे. भात लावता येतो, अंडे उकडता येते, पाण्याच्या वेळेला नळावर उभे राहता येते. समतेची भाषणे आपण ऐकतोच, एका रविवारी ती चुलीपाशी चालवून पाहावी. पुढच्या महिन्यात पुरुषांची सहल काढा, त्यांनाही रक्तदाब आहे. त्यांना तंबाखूशिवाय चढता येतो का, तेही कळेल.

आणि सहलीहून आल्यावर थांबू नये. डोंगर उतरलेल्या दहा बायांचा गट दुसऱ्या दिवसापासून मैदानाला किंवा शाळेच्या आवाराला फेऱ्या मारू शकतो. दहा जणी एकत्र निघाल्या की चार तोंडे बंद होतात. त्याच गटाने सह्या गोळा करून नगरसेवकाकडे आणि वॉर्ड कार्यालयात लेखी मागणी करावी. वस्तीजवळची बाग दुपारी उघडी ठेवा. मैदानाभोवती दिवे लावा. बायांसाठी शौचालय द्या आणि त्याला कडी लावा. मागणीच्या कागदावर पोचपावतीचा शिक्का घ्यावा. "चालत जा" असा सल्ला देणाऱ्या व्यवस्थेने चालायला जागाही दिली पाहिजे, ही मागणी आम्ही आरोग्याची मागणी मानतो, आणि जोपर्यंत ती पूर्ण होत नाही तोपर्यंत औषधाच्या चिठ्ठीवरचा तो सल्ला अर्धवट आहे.

आपल्या विहारात येत्या रविवारी वंदनेनंतर दहा मिनिटे काढा. पाहणीला जाणाऱ्या दोघींची नावे ठरवा. रक्तदाब तपासणीचा दिवस ठरवा. तारीख फळ्यावर लिहा.

जय भीम.